लाईन सारखी, गिऱ्हाईकं इरसाल

बँकेतल्या माणसांकडं किस्से असतात, दवाखान्यातल्यांकडं तर असतातच. पण इंटरनेटच्या तक्रारी घेणाऱ्या बाईकडं जेवढे साठतात, तेवढे कुणाकडंच साठत नाहीत, हे मी पैजेवर सांगते. कारण सोपं आहे. नेट बंद पडलं की माणसाला दुसरं काही करायला उरतच नाही. मग तो मला फोन करतो. आणि लाईन चालू होईपर्यंत घरातलं, दारातलं, भाऊबंदकीतलं सगळं सांगून मोकळा होतो! मी "हो का?", "अगं बाई!" एवढंच म्हणत बसते. हे सगळं पोटात ठेवून मला अपचन व्हायची वेळ आली, म्हणून आता तुम्हाला सांगते.

मी सांगलीत एका छोट्या इंटरनेटवाल्याकडं फोनवर बसते. ऑफिस हळदीच्या पेठेत, एका गोदामाच्या माडीवर. मालक सुभेदार. साताऱ्याकडचे, फौजेत सिग्नलला, म्हणजे निरोप पोचवायच्या खात्यात होते. रिटायर झाल्यावर सांगलीत येऊन त्यांनी आधी केबल टीव्ही टाकला आणि मग इंटरनेट. त्यांना नावानं कुणीच हाक मारत नाही, त्यांची बायकोसुद्धा "सुभेदार, जेवायला येताय ना?" म्हणते. वायरचं सगळं काम मुनीरभाईंचं. हा माणूस मी शिडीशिवाय फक्त ईदेला पाहिलेला आहे. आणि तिसरी मी, शैला, मूळची लोणंदची. फटकळ आहे असं सासरचे म्हणतात. मला तसं काही वाटत नाही, त्यांनाच ऐकायची सवय नाही.

सुभेदारांचा नियम एकच. लाईनीतून काय जातंय ते बघायचं नाही, कुणाचं मुद्दाम हळू करायचं नाही, कुणाचं मुद्दाम पळवायचं नाही. याला पेपरात 'नेट न्यूट्रॅलिटी' म्हणतात. त्यावरून मोठमोठ्या लोकांचे मोठमोठे वाद झाले, सरकारनं नियमसुद्धा केला. आमच्याकडं हा वाद अजून रोज होतो, फोनवर होतो, आणि शिव्या मला बसतात!

हे किस्से त्या वर्षातले, जेव्हा मोठी कंपनी सांगलीत उतरली आणि आमचं दुकान राहतंय की जातंय तेच कळेना झालं होतं.

*

पेठेत एक हळदीचे अडते आहेत. आमचं जुनं गिऱ्हाईक. एक दिवस माडी चढून वर आले, दार लोटून घेतलं आणि सुभेदारांच्या कानाला लागले.

"सुभेदार, एक काम हुतं. समोरच्या गाळ्यावाल्याला बाहेरचा भाव माज्या आधी कळतो."

"त्याचा फोन चांगला आसंल."

"फोनचं न्हाई वो, लाईनचं हाय! त्याची लाईन जरा ढिली करा. बंद नको, पाप लागंल. नुस्ती ढिली!"

सुभेदारांनी चष्मा काढला. चष्मा काढला की भाषण येतं, हे आम्हाला माहीत आहे. "शेठ, पोस्टमन पाकीट पोचवतो. फोडून बघत न्हाई, आन् ह्याचं उद्या देऊ, त्याचं आज देऊ असंबी करत न्हाई. लाईनीत समदी सारखी. आमी सिग्नलला हेच शिकलो."

खिडकीत बसून वायर सोलत असलेले मुनीरभाई मान वर न करता म्हणाले, "पर सुभेदार, फौजेत तर सायबाचा निरोप आदी आन् शिपायाचा मागनं, असंच हुतं की!"

अडते एकदा याच्या तोंडाकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं बघायला लागले.

सुभेदारांनी चष्मा परत घातला. "म्हणून तर पेन्शनीवर आलो!"

*

एका दुपारी एका काकूंचा फोन आला. आवाजात लोणी.

"अगं, आमची सूनबाई माहेरला व्हिडिओ कॉल करती न्हवं का, तेवढा बंद करून दे. बाकी चालू ऱ्हाऊ दे. माजी मालिका लागती."

"काकू, तसं करता येत नाही."

"का? बटण न्हाई?"

"बटण आहे, नियम नाही."

काकूंनी फोन आदळला. अर्धा तास गेला नाही तोच त्याच घरातून दुसरा फोन. हा आवाज दबका, मागं नळ सोडलेला. "ताई, मी सून बोलतीया. आत्याबाईंच्या मालिकेच्या टायमाला टीव्हीवर ते गोल गोल फिरतं न्हवं का, तेवढं फिरवत ठेवाल का? लय न्हाई, भाकऱ्या हुस्तोवर."

तिलाही मी नियम सांगितला. तिनं मुकाट्यानं नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी काकू परत फोनवर. "ह्यो तुमचा नियम म्हंजे नेमका काय गं?"

मी नीट समजावून सांगितलं. लाईनीत कुणी मोठं नाही, कुणी धाकटं नाही, सगळ्यांना सारखी वाट.

काकूंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाल्या, "म्हंजे सासू आन् सून सारखी?"

"लाईनीत सारखी."

"मग असली लाईन आमच्या घरात नको!"

आणि खरंच तोडली! मोठ्या कंपनीकडं गेल्या. नियम तिकडंही तोच आहे, हे मी काही त्यांना सांगितलं नाही.

*

आमच्या भागात एक दादा आहेत. निवडणुकीला उभं राहायचं त्यांच्या फार मनात. विरोधकांनी त्यांच्या गल्लीतल्या खड्ड्यात उभं राहून एक व्हिडिओ काढला आणि तो घरोघरी फिरायला लागला. दादा चार कार्यकर्ते घेऊन ऑफिसात आले. आमच्याकडं खुर्च्या कमी, त्यामुळं कार्यकर्ते उभे राहिले आणि आणखीच कार्यकर्ते दिसायला लागले.

"सुभेदार, तेवढा व्हिडिओ आपल्या वॉर्डात पोचायला नको. दुसऱ्या वॉर्डात खुशाल बघू देत."

"दादा, न्हाई जमायचं."

"मोठ्या कंपनीला सांगितलं तर ते करतील."

"तर मग त्यास्नी सांगा."

दादांनी तिकडं आधीच सांगून पाहिलं असणार, कारण ते जरा मवाळ झाले. "बरं, विरोधकांचं अडवू नका. पण आमची भाषणं तरी जोरात पळवा. लोकांच्या फोनवर अडकत अडकत चालत्यात म्हणं."

मुनीरभाई शिडीवरनं म्हणाले, "त्याची काळजी सोडा दादा. लोक तुमची भाषणं आधीच दुप्पट स्पीडनं पळवून बघत्यात!"

पहिला हसला तो दादांचाच कार्यकर्ता. त्याला पुढं पद मिळालं नाही असं ऐकते.

*

नदीपलीकडच्या एका गावातल्या कॉलेजात या विषयावर परिसंवाद ठेवला होता. सुभेदारांना पाहुणे म्हणून बोलावलं. मी सोबत गेले, कारण सुभेदारांना स्टेजवर चष्मा सापडत नाही. हॉलमध्ये पोरं मागं, गावकरी पुढं. गावकऱ्यांना जेवण आहे असं सांगितलं होतं.

एक हुशार मुलगा बोलला. मोठी कंपनी स्वतःची काही अ‍ॅप फुकट वापरू देते, बाकीच्याला पैसे लागतात, तर यात वाईट काय? गरिबाला काहीतरी फुकट मिळतंय की! टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. मग मला आठवलं की मी कुणाबरोबर आले आहे.

सुभेदार उठले, चष्मा काढला. "समजा, पाणीसंस्थेच्या पाइपलाइनीच्या पार शेवटाला तुमचा ऊस हाय. चेअरमनच्या पाव्हण्याच्या उसाला पाणी फुल्ल, तुमच्या उसाला निस्तं ठिबाकतंय. तुमी बोंबललासा की चेअरमन म्हंतो, 'का वरडतुयास? तुला बांधावरच्या गवताला पाणी फुकट देतो की!' तर चालंल का?"

सगळ्या हॉलला विषय एका क्षणात कळला. जरा जास्तच कळला. मागून एक जण ओरडला, "गेल्या उन्हाळ्यात हेच झालंय!" पुढच्या रांगेत पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ ताडकन उठले. ते पाणीसंस्थेचे खरोखरचे चेअरमन होते!

"हे मला बोललासा काय?"

"मला तुमी कोण ते ठावं न्हाई," सुभेदार म्हणाले.

"त्यास्नी न्हाई, पर आमास्नी ठावं हाय!" मागून आवाज.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. प्राध्यापक माईकवरून "कृपया विषयावर या, विषय इंटरनेटचा आहे" म्हणत राहिले. त्यांचा माईक कुणीतरी घेतला आणि कुणाच्या पाहुण्याला किती पाळ्या जास्त मिळाल्या ते वाचायला सुरुवात केली. अखेर चेअरमननी सगळ्यांसमोर कबूल केलं की पुढची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू होईल. मुख्याध्यापकांसारखे दिसणारे एक सर उठले आणि इंटरनेटवरचा परिसंवाद यशस्वी झाल्याबद्दल त्यांनी सर्वांचे आभार मानले.

परतताना मी विचारलं, "सुभेदार, नेटचं काय ठरलं हो?"

"कायबी न्हाई. पर शेवटाच्या उसाला पाणी सुटलं!"

*

तोवर मोठी कंपनी जोरात आली होती. निळ्या शर्टातली पोरं दारोदार फिरायची, पहिले काही महिने फुकट, वर सिनेमे फुकट, क्रिकेट फुकट. माझा फोन वाजला की हल्ली तक्रार नसायची, "ताई, तुमची लाईन काढून न्या" एवढंच असायचं. अडते गेले. त्यांच्या समोरचा गाळेवालाही गेला. मला सरळ भीती वाटायची. या वयात मला कोण नोकरी देणार होतं? सुभेदार म्हणायचे, "गिऱ्हाईक ऱ्हायलं तर ऱ्हाऊ, न्हाईतर देऊन टाकू त्यास्नी." आणि मुनीरभाई ते ऐकून उगाच शिडी पुसत बसायचे.

पण एक गल्ली मात्र परत आली, तिची गंमत ऐका.

आमच्या वायरी लोकांच्या गच्च्यांवरून जातात. घरमालकाला विचारायचं, चहा घ्यायचा, वायर टाकायची. बदल्यात घरमालकिणीला त्या वायरीवर ओढण्या वाळत घालायचा हक्क. आणि उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घातल्या असतील तर त्या वाळेपर्यंत वर पाऊल टाकायचं नाही. मुनीरभाई हा नियम असा पाळतात की एकदा त्या गल्लीतल्या शांताकाकूंच्या कुरडयांपायी अख्खी गल्ली दोन दिवस नेटशिवाय होती, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. त्यातल्या निम्म्या कुरडया गल्लीतच वाटल्या जाणार होत्या.

निळ्या शर्टवाल्यांना हे कुठलं ठाऊक! ते शांताकाकूंच्या गच्चीवर बूट घालून चढले. कुरडयांवरून गेले. नुसते गेले नाहीत, केबलचं भेंडोळंही त्यावरच टेकवलं!

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या घरांनी मोठ्या कंपनीची लाईन सोडली. शांताकाकू तर स्वतः माडी चढून माझ्याकडं आल्या. त्या माझ्यासमोर बसलेल्या असतानाच त्यांना कंपनीचा फोन आला. लांबच्या कुठल्या तरी शहरातली गोड आवाजाची मुलगी. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅम, आपने हमारी सर्विस क्यों छोड़ी? स्पीड की वजह से?"

"नहीं."

"रेट की वजह से?"

"नहीं. कुरडई की वजह से."

पलीकडं जरा वेळ कीबोर्डचा आवाज. मग ती मुलगी अगदी आदबीनं म्हणाली, "मॅम, ये कुरडई कौन-सी कंपनी है? उनका प्लान क्या है?"

*

एक मास्तर आमच्याकडून मोठ्या कंपनीकडं गेले होते. जाताना दोन शब्द सुनावून गेले होते, ते मी विसरले नव्हते. एके सकाळी त्यांचाच फोन.

"शैलाताई, नेट बंद आहे हो."

"मास्तर, तुम्ही आता आमच्याकडं नाही."

"ते माहीत आहे मला. पण तिकडं फोन लावला की एक दाबा, दोन दाबा. मी सगळे आकडे दाबून बसलो. शेवटी म्हटलं, ओळखीच्या माणसाला तरी सांगावं."

मी चांगलं झापणार होते. तोंड उघडलंच होतं. पण मुनीरभाई शिडी खांद्यावर टाकून निघालेसुद्धा! तासाभरानं परत आले.

"कुठं गेला होतात?"

"मास्तरकडं. उंदरानं वायर कुरतडली हुती. जोडली."

"अहो, ती लाईन त्यांची! आपलं गिऱ्हाईक पळवणाऱ्यांची!"

मुनीरभाईंनी शिडी भिंतीला लावली, हात झटकले. "उंदीर आपलाच हाय, पेठेतला."

*

आणि आता शेवटचा. हा मी कितीदा सांगितला असेल, पण अजून सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

एक गल्ली परत आली म्हणून काही दुकान चालत नाही. उरलेली माणसं एकेक करून जात राहिली. सुभेदारांचे गुडघेही बोलायला लागले होते. शेवटी एका दुपारी मोठ्या कंपनीचे रीजनल हेड पुण्याहून आले, आमचं दुकान गिऱ्हाइकांसकट विकत घ्यायला. पांढराशुभ्र शर्ट, बोलणं अगदी मऊ. माणूस वाईट नव्हता, हेही सांगते.

"तुम्हा सगळ्यांना आम्ही सामावून घेऊ," ते म्हणाले. "मुनीरभाई फील्ड असोसिएट होतील. मॅडम कस्टमर डिलाइटमध्ये."

मी म्हटलं, "माझ्या सासूला विचारून घ्या, माझ्याकडून कितपत डिलाइट होतो ते." साहेब हसले. मला हसू आलं नाही. मुनीरभाई खिडकीतून खाली बघत होते, जसं काही पेठ ते पहिल्यांदाच बघत होते.

साहेबांनी करार टेबलावर ठेवला. सुभेदारांनी सावकाश सगळा वाचला, प्रत्येक पान. खिशातून पेन काढलं, टोपण काढलं. आणि थांबले.

"सायेब, एक ओळ घाला."

"सांगा ना."

"आमच्या गिऱ्हाइकांच्या लाईनीत समदी सारखी. कुणाचं मुद्दाम हळू करायचं न्हाई, कुणाचं मुद्दाम पळवायचं न्हाई. बास, येवढंच."

साहेब मोकळेपणानं हसले. "सुभेदारसाहेब, तो तर नियमच आहे! आमची कंपनी तो पाळतेच. त्यासाठी वेगळं लिहायची काय गरज?"

"पाळतासा म्हणल्यावर लिवायला काय हुतंय? शाई अशी कितीशी लागतीया?"

"काहीच हरकत नाही," साहेब म्हणाले. "एक मिनिट, वर विचारून घेतो."

ते गॅलरीत गेले. पुण्याला फोन लावला. पुण्यानं मुंबईला विचारतो म्हणून सांगितलं. मुंबईनं वकिलांना विचारतो म्हणून सांगितलं. साहेब गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागले. खाली ट्रकमधून हळदीची पोती उतरत होती, धुरळा वर उठत होता. चहा आला, निवला. दुसरा आला, तोही निवला. काचेतून त्यांचा एकेक शब्द ऐकू येत होता. "नाही सर, एकच ओळ आहे... हो सर, नियमच आहे... नाही सर, ते म्हणतात लिहूनच हवं... सर, मी तेच सांगितलं त्यांना..."

सुभेदार उघडं पेन हातात धरून बसले होते. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत होते, पण नेमकं काय मागावं तेच कळत नव्हतं.

शेवटी साहेब आत आले. पांढरा शर्ट पिवळा झाला होता. खुर्चीत बसले, रुमालानं कपाळ पुसलं. सुभेदारांकडं न बघता, टेबलाकडं बघत म्हणाले,

"सुभेदारसाहेब, वरचे म्हणतायत... तोंडी चालेल का?"

सुभेदारांनी पेनाला टोपण लावलं. पेन खिशाला अडकवलं.

"चालतंय की," ते म्हणाले. "सहीबी तोंडीच घ्या!"